शंभर सीसीच्या गाडीचं ॲव्हरेज शहरात ४५ च्या वर जाईना. पेट्रोल, मेकॅनिक की रस्ता?

महाबळवाला
राम राम मंडळी. गाडी शंभर सीसीची, बीएस-६, फ्युएल इंजेक्शनवाली, २०२१ सालची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर दहाव्या प्रतिसादापर्यंत धागा 'तुझी कंपनी, माझी कंपनी'वर जाईल. रोजचा रस्ता जळगावात महाबळहून एमआयडीसी. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुली. एका बाजूने सहाएक किलोमीटर. दुपारी जेवायला घरी येतो.

ॲव्हरेज ४३ ते ४५. नवी होती तेव्हा ५८-६० सहज द्यायची. सर्व्हिसिंग वेळेवर, ऑइल कंपनी सांगते तेच. एक मेकॅनिक म्हणतो इंजेक्टर साफ करू, दुसरा म्हणतो चेनसेट बदला. ऑफिसातले म्हणतात पेट्रोलच पाणचट झालंय. शेजारचे काका म्हणतात, तू शंभर-दोनशे असं राउंड आकड्याचं पेट्रोल टाकतोस म्हणून असं होतं, एकशेदहाचं टाकत जा.

पैसे घालायची तयारी आहे, पण एकदाच आणि बरोबर जागी. कुठून सुरुवात करू?

तापीकाठ
कशाला डोकं लावता भाऊ. ई-२०, वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. विषय संपला. सगळ्यांच्याच गाड्या बसल्यात.

शिरपूरना पोऱ्या
आमनं आठे मनी जुनी प्लॅटिना आजबी सत्तर देस. काब्र? आठे सिग्नल शेतसच कितला! तुमी जळगाववाला पेट्रोलना पैसा ब्रेक माराले वापरतस.

वीजवाला
इलेक्ट्रिक घ्या आणि ॲव्हरेज हा शब्दच विसरा.

महाबळवाला
वीजवाले भाऊ, हप्ते तुम्ही भरत असाल तर उद्याच घेतो.

पाचकंदील
आधी एक सांगा, हे ४३ काढलं कसं?

महाबळवाला
दोनशेचं टाकतो. काटा शेवटच्या दांडीवर आला की किलोमीटर बघतो.

पाचकंदील
मग ते ४३ खरं असेल, ३८ ही असेल नि ५० ही असेल. शेवटची दांडी म्हणजे माप नव्हे. टाकीतला फ्लोट गाडी कशी उभी आहे त्यावर हलतो. साइड स्टँडवर एक दाखवतो, सरळ उभी केली की दुसरं. त्यात दोनशे रुपयांत दोन लिटरही बसत नाही. दोन लिटरच्या हिशेबात पाव लिटर इकडचं तिकडं झालं की ॲव्हरेज पाच-सहाने हलतं. मग माणूस इंजेक्टर साफ करून येतो, योगायोगाने पुढच्या वेळी ५० निघतात, आणि मेकॅनिकचं नाव होतं.

आमच्या धुळ्यात मी असं करतो. पंप एकच, नोझल एकच, गाडी मेन स्टँडवर. नोझल आपोआप 'टक' करून बंद पडेपर्यंत भरायचं. 'अजून थोडं घाल, राउंड फिगर कर' हे नाही. ट्रिप मीटर शून्य करायचं. मग निदान अडीचशे-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवायची, मधे भरावं लागलं तर पावती पाकिटात ठेवायची. परत त्याच नोझलवर, त्याच टप्प्यापर्यंत भरायचं. झालेले किलोमीटर भागिले लागलेले लिटर. अशा दोन-तीन टाक्या झाल्या की जो आकडा येतो त्यावर बोलायचं. गाडीच्या डिजिटल मीटरवर जो आकडा दिसतो तो अंदाज असतो, वर-खाली बघायला ठीक, भांडायला उपयोगाचा नाही.

आणि गळ्यापर्यंत भरून घेऊ नका. बीएस-६ गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या एका डब्यात, कॅनिस्टरमध्ये, जिरवलेली असते. तिथे वाफेच्या जागी पेट्रोलच घुसलं की तो डबा बाद होतो.

काकांच्या एकशेदहाबद्दल: पंपाचं यंत्र लिटर मोजतं, रुपये हिशेबाने येतात. शंभर काय, एकशेसात काय, सगळं सारखंच. शंकाच असेल तर भरण्याआधी शून्य बघा आणि पाच लिटरचं माप मागा. वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेलं माप पंपावर असावंच लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलीपर्यंत फरक चालतो, म्हणजे अर्धा टक्का. जास्त निघाला तर तक्रार करा, जरूर करा. पण तुमचे ६० चे ४५ अर्ध्या टक्क्याने झालेले नाहीत.

गॅरेज जामनेर रोड
भुसावळात गॅरेज आहे, म्हणून बोलतो. इंजेक्टर नि चेनसेट दोन्ही थांबवा. आधी फुकटातली तपासणी.

गाडी मेन स्टँडला लावा, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने जोरात फिरवून सोडा. चाक आपलं आपण दोन-चार फेरे घेतंय का? अर्ध्या फेऱ्यात थांबलं आणि घासल्याचा 'सूंऽ सूंऽ' आवाज आला तर ब्रेक शू ड्रमला लागून आहे. ॲव्हरेजची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत हे फार सापडतं. गिऱ्हाईक म्हणतं 'ब्रेक एकदम टाइट करा', गॅरेजमधला पोऱ्या मागचा नट आवळून देतो, आणि मग गाडी दिवसभर ब्रेक लावलेलीच पळते. दुसरं कारण पावसाळा. काळ्या मातीचा राडा ड्रमपर्यंत जातो, ब्रेकचा कॅम, म्हणजे शू फाकवणारा तुकडा, गंजतो, पेडल सोडलं तरी शू पुरता मागे येत नाही. ओळखायची खूण: मागचा ब्रेक फारसा न वापरता चार-पाच किलोमीटर चालवा आणि मागच्या हबला हळूच हात लावा. चटका बसला तर तेच. (मे महिन्यात भुसावळात नुसती उन्हात उभी केलेली गाडीही चटका देते, म्हणून हे सकाळी करा.) पेडल दोन-अडीच सेंटीमीटर रिकामं दाबलं जायला पाहिजे, मग ब्रेक धरला पाहिजे.

चेन मधोमध बोटाने वर-खाली दोन-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. ताठ ताणलेली चेन ॲव्हरेजही खाते आणि बेअरिंगही. क्लचच्या लिव्हरला सेंटीमीटरभर मोकळीक हवी. ती नसेल तर क्लच प्लेट घसरत राहते. इंजिन ओरडतं, गाडी पुढे सरकत नाही. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून चालवणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो.

एअर फिल्टर काढून बघा. एमआयडीसीत दालमिलचा भुसा नि धूळ दोन्ही आहे. हाताला तेलकट, चिकट लागणारा कागदी फिल्टर असेल तर त्यावर हवा मारायची नसते, तो बदलायचाच असतो. हवा मारली की तेल उडतं आणि बारीक धूळ थेट इंजिनात जाते. कोरडा कागद असेल तर हलकी हवा चालते, फोम असेल तर धुता येतो. 'सर्व्हिसिंग वेळेवर आहे' म्हणता, पण सर्व्हिसिंगमध्ये हवा मारून तोच फिल्टर परत बसवला का, हे विचारलंत का?

आणि इंजेक्शनच्या गाडीत जुन्या अर्थाचं ट्यूनिंग उरलेलं नाही. कार्बोरेटर होता तेव्हा एअर स्क्रू अर्धा आटा फिरवला की फरक दिसायचा. आता हवा-पेट्रोलचं प्रमाण ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो, सायलेन्सरच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर काय सांगतो ते वाचून. मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला नसेल तर तिथे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. बीएस-६ गाडी स्क्रू फिरवून ट्यून करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

टायरची हवा राहिली. चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर स्टिकर असतो, त्यात लिहिलेलं असतं तेवढी. पेट्रोल पंपावरचा माणूस अंदाजाने मारतो तेवढी नव्हे.

शाळेची ताई
दादा, उन्हाळ्यात हवा कमीच ठेवायची ना? आमच्याकडे सगळे तसंच सांगतात, नाहीतर टायर फुटतो म्हणे.

गॅरेज जामनेर रोड
उलट आहे ताई. हवा कमी असली की टायरच्या बाजू जास्त वाकतात, त्यानेच टायर तापतो. तापमान दहा अंशांनी वाढलं तर मागच्या टायरचा दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि टायर बनवणाऱ्याने ते धरलेलंच असतं. सकाळी टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा, मग दुपारी ४५ अंश होऊ द्या. कमी हवेत गाडी जड चालते, पेट्रोल जातं, आणि टायरच्या दोन्ही कडा आधी झिजतात. तुमच्या टायरच्या कडा बघा, लगेच कळेल.

आप्पा चाळीसगावकर
तुम्ही पोरं नशीबवान. आम्ही राजदूत नि येझदी चालवल्या, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून. ॲव्हरेज विचारायची पद्धतच नव्हती, गाडी चालू झाली यातच समाधान. १९८५ ला हिरो होंडाची सीडी १०० आली, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट' जाहिरात घेऊन, आणि तेव्हापासून खान्देशात गाडीचा रंगही विचारायच्या आधी 'कितीची देते?' विचारतात.

अमळनेरचा भौतिकवाला
शिरपूरच्या भाऊने चेष्टेत जे लिहिलं तेच उत्तर आहे. ब्रेक मारायलाच पेट्रोल जातं. कागदावर मांडून दाखवतो, आकडेमोड नको असेल त्यांनी खाली सरकावं.

गाडी ११२ किलो, चालवणारा ७० किलो धरा. एकूण १८२. ताशी ४० किलोमीटर वेगाला या वजनात साधारण ११ किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ड्रममध्ये उष्णता होऊन जाते, परत काही मिळत नाही. सिग्नल सुटल्यावर तीच ऊर्जा पुन्हा पेट्रोलमधून विकत घ्यायची. आजच्या पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३० मेगाज्यूल असतात, छोटं इंजिन त्यातलं पाचवा हिस्सा चाकाला देतं असं धरलं तर लिटरमागे ६ मेगाज्यूल कामाचे. म्हणजे शून्यापासून ४० पर्यंत एकदा वेग घेणं म्हणजे जवळजवळ दोन मिली पेट्रोल. आता ४० ऐवजी ६० पर्यंत पळवा. वेग दीडपट, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून सव्वादोन पट. चार मिलीच्या वर.

आता महाबळ ते एमआयडीसी. ही गाडी न थांबता एकसारख्या ४०-४५ ला चालली तर लिटरला ७० देते असं समजू. सहा किलोमीटरला ८६ मिली. वाटेत सिग्नल, चौफुली, गतिरोधक, रिक्षा आडवी आली, असं धरून आठ वेळा पूर्ण थांबलात. ४० वरून थांबलात तर आठ वेळचे १५ मिली, ६० वरून थांबलात तर ३४ मिली. उभ्या उभ्या चालू इंजिन मिनिटाला साधारण दोन-तीन मिली खातं. तीन मिनिटं मिळून आठ मिली. आणि इंजिन थंड आहे. थंड इंजिनाला ईसीयू जास्तीचं पेट्रोल देतो, ऑइल घट्ट असतं, आणि सहा किलोमीटरमध्ये इंजिन नीट तापेपर्यंत ऑफिस येतं. त्याचे दहा मिली धरा.

४० वाला: ८६, १५, ८ आणि १०. एकूण ११९ मिली, म्हणजे लिटरला ५०.
६० वाला: १३८ मिली, म्हणजे ४३ ते ४४.

गाडी तीच, पेट्रोल तेच, रस्ता तोच. आणि ६० वाला काही लवकर पोहोचत नाही, दोघं अजिंठा चौफुलीच्या त्याच लाल दिव्याला भेटतात. हे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या गाडीला थोडे मागेपुढे होतील, पण हिशेबाची धाटणी हीच.

म्हणून हळू चालवा असं मी म्हणत नाही. पुढचा दिवा लाल दिसतोय तर मूठ आधीच सोडा, गिअरमध्येच राहू द्या. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत मूठ पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये घरंगळत असली की इंजेक्टर पेट्रोल जवळपास बंद करतो. न्यूट्रल केलीत तर उलट आयडलिंगचं पेट्रोल सुरू राहतं. कन्नड घाटात न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारे वीर आहेत. वाचत काही नाही, फक्त इंजिनचा ब्रेक जातो.

एक प्रश्न महाबळवाल्यांना. ५८-६० मिळायचं तेव्हा रस्ता कुठला होता?

महाबळवाला
भुसावळ. तेव्हा नोकरी तिकडे होती. हायवेने जायचो.

अमळनेरचा भौतिकवाला
मग गाडी बिघडलेली नाही, बदली झाली आहे. एका बाजूने वीस-पंचवीस किलोमीटर, तापलेलं इंजिन, चौथा गिअर, थांबणं मोजकं. तो आकडा नि हा आकडा शेजारी ठेवायचेच नाहीत.

कंपनीच्या आकड्याचंही तेच. तो प्रयोगशाळेत रोलरवर, ठरवून दिलेल्या वेग-वेळेच्या तक्त्याप्रमाणे काढतात. तिथे वारा नाही, मागे बसलेली बायको-पोरं नाहीत, पिशवी नाही. दोन गाड्यांची आपसात तुलना करायला तो चांगला आहे. आपल्या दारात तोच मिळेल म्हणून मात्र धरून बसू नये.

तापीकाठ
म्हणजे ई-२० चा काहीच दोष नाही? सरकारी उत्तर देताय का सर?

अमळनेरचा भौतिकवाला
दोष आहे, पण त्याच्या मापाने. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळलं की एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी खाली येते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, पण त्याचा फायदा ई-२० साठीच जुळवलेल्या इंजिनाला मिळतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच दुचाकींना तीन ते चार टक्के घट लिहिलेली आहे. तुम्ही वरची बाजू, सात टक्के, धरा. ६० चे ५६ होतील. ४५ होणार नाहीत.

तुमची गाडी २०२१ ची. ई-२० ला चालतील असे रबर नि सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. त्यामुळे टाकीच्या खालचे पाइप, ओ-रिंग यांवर नजर ठेवा, कुठे पाझरतंय का बघा. आणि पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल-पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप नेमकं तळातूनच ओढतो. गाडी झटके देते ती यानेही.

शाळेची ताई
माझी स्कूटर, भुसावळातच शाळा-बाजार-घर. सगळं दोन-दोन किलोमीटरचं. ३८ मिळतात. वरचं थंड इंजिनाचं वाचून उलगडा झाला. पहाटे पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं हे खरं का? आमचे हे अलार्म लावून जातात.

पाचकंदील
साहेबांना झोपू द्या ताई. पेट्रोल तापमानाने फुगतं हे खरं, दहा अंशाला साधारण एक टक्का. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान पहाटे नि दुपारी जवळपास सारखं. बाहेर ४६ असलं तरी खाली नसतं. सांगायचंच तर गाडी सावलीत लावायला सांगा. उन्हात तापलेल्या टाकीतून वाफ जाते.

स्कूटरचं ३८ ठीकच आहे. बेल्टच्या गाडीत गिअरच्या गाडीपेक्षा जास्त शक्ती वाटेत जाते, चाकंही लहान. दोन-दोन किलोमीटरला त्याहून जास्त अपेक्षा नको. दोन कामं एका फेरीत केलीत तर दुसऱ्या वेळी इंजिन गरम मिळेल, तेवढंच.

बोळाबोळातला कुरिअर
दिवसभर जळगावात पार्सल वाटतो. भौतिकवाले सर म्हणतात ते कागद न बघता कळलेलं आहे. महिन्याच्या शेवटी पेट्रोलचे पैसे आपल्याच खिशातून जातात तेव्हा सगळं फिजिक्स येतं भो.

माझं एकच. हायवेवरून चौकाचौकात थांबत जाण्यापेक्षा आतल्या रस्त्याने किलोमीटरभर जास्त पडलं तरी मी आतून जातो. तिसऱ्या गिअरवर ३५ ला गाडी एका सुरात चालते, थांबणं कमी. पण फुले मार्केट नि गोलाणीच्या बाजूला संध्याकाळी हा हिशेब उलटा होतो, तिथे पायी जाणारा पुढे निघतो. त्या वेळी मी गाडी एका जागी लावतो आणि चार पार्सलं पायी देतो.

सिग्नलला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त दिसलं की बंद. बॅटरी खराब होते म्हणून लोक घाबरतात. बॅटरी चांगली असेल आणि इंजिन गरम असेल तर अर्ध्या सेल्फमध्ये चालू होते. बॅटरी मेलेली असेल तर मात्र चौकात किक मारत बसाल आणि मागचे हॉर्न वाजवतील, त्याला इलाज नाही.

ॲव्हरेज वाढवतं म्हणून विकतात ते चुंबक, टॅब्लेट, पाइपात बसवायच्या चकत्या, सगळं लोकांनी घेऊन झालंय. एवढा सोपा उपाय असता तर कंपनीनेच बसवून जाहिरात केली असती.

पाचकंदील
वाऱ्याचं कुणी बोललं नाही. शहरात फरक पडत नाही, पण आमच्याकडून साक्रीला जाणाऱ्यांनी लक्षात घ्या. ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या. पावसाळ्यात समोरून २० चा वारा असला आणि तुम्ही ५० ला असलात तर हवेला तुम्ही ७० ला आहात. हवेचा विरोध जवळजवळ दुप्पट. जाताना ५०, येताना ६५ असं निघालं तर पंपवाल्याशी भांडू नका.

महाबळवाला
बरेच दिवसांनी येतोय, मोजून आलो म्हणून उशीर झाला.

गॅरेजवाल्या दादांनी सांगितलं तसं मागचं चाक फिरवलं. अर्धा फेरासुद्धा नाही. आवाजही तोच, 'सूंऽ'. नट ढिला केला तरी पेडल सुस्त परत यायचं, म्हणून चाक उघडून घेतलं. कॅमवर गंज. घासून ग्रीस लावलं, शू तेच ठेवले. किरकोळ खर्च आला. मागच्या टायरमध्ये हवा २० च्याही खाली होती. एअर फिल्टर चिकटवाला निघाला आणि त्याच्या घड्यांमध्ये भुसा बसलेला, तो बदलला. इंजेक्टरला हात लावला नाही.

पाचकंदील भाऊंच्या पद्धतीने टाकी ते टाकी आता ५१-५२ येतात. यातलं ब्रेकचं किती, हवेचं किती, मूठ लवकर सोडण्याचं किती, हे सांगता येणार नाही, सगळं एकदम केलं.

गॅरेज जामनेर रोड
शहरात ५२ झाले, आता गाडीला छळू नका. पुढच्या पावसाळ्यानंतर कॅमला परत ग्रीस.

शाळेची ताई
मी एक हिशेब केला, राग मानू नका. रोज चार वेळा सहा म्हणजे २४ किलोमीटर. ४५ ने पेट्रोल लागायचं ५३३ मिली, ५२ ने लागतं ४६२. एवढ्या खटपटीने वाचले सत्तरएक मिली. दुपारचा डबा नेलात तर ॲव्हरेज ४५ च राहिलं तरी पाव लिटरपेक्षा जास्त वाचतं.

महाबळवाला
ताई, कळण्याची भाकरी डब्यात दुपारपर्यंत वातड होते. ते पाव लिटर मी जेवणाच्या खर्चात धरलेलं आहे.

तापीकाठ
बरं, ई-२० वर माझं मत कायम आहे, पण सात टक्के मान्य. सीएनजीच्या गाडीचं काय? बजाजची फ्रीडम १२५, दोन किलो गॅस नि दोन लिटर पेट्रोल. कंपनी किलोला १०२ सांगते.

बोळाबोळातला कुरिअर
आमच्यातला एक जण चालवतो, खूश आहे. पण गॅसच्या रांगेत उभा राहिला की आमची दोन पार्सलं वाटून होतात. पंप वाटेवर असेल आणि तुम्ही रोज पन्नास-साठच्या वर चालवत असाल तर विचार करा. महाबळ ते एमआयडीसीसाठी नको.

शाळेची ताई
आणि हवा तपासायला जाते तर पंपावरचा मुलगा पाच-दहा रुपये मागतो. द्यायचे का?

पाचकंदील
नाही. पंपावर हवा आणि पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, तसा बोर्डही लावलेला असतो. बोर्ड दाखवा. खुशीने दिले तर गोष्ट वेगळी. मात्र आकडा स्वतः बघा, स्कूटरचा पुढचा नि मागचा वेगळा असतो, मुलं दोन्हीकडे तीसच मारतात.